अर्ध्यापासून पुढे

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझी तब्येत चांगली असेल असं धरून लिहितोय. नसेल तर हे पत्र बाजूला ठेव, बरी झालीस की वाच. रविवारी फोन केला होता, पण तुला ऐकू आलं नाही. "आज अर्धा लिटरच द्या" असं सांगून तू फोन ठेवून दिलास. म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर आणि माझं शिक्षण दोन्ही तुला माहीत आहे, तेव्हा चुका पोटात घाल.

काम असं आहे की मला एक जुना पियानो घ्यायचा आहे. आधी हसून घे, मग पुढचं वाच.

हिला झटका येऊन चौदा महिने होतील. डावी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही परत आलं नाही. पण वरच्या मजल्यावरच्या बाई रोज संध्याकाळी पियानो वाजवायच्या, तेव्हा ही छताकडे बघत राहायची, आणि त्या वेळात भरवलं तर मुकाट्याने खायची. मी वाटी तयार ठेवून वाटच बघायचो, कधी एकदा वर सुरू होतंय. जानेवारीत त्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, पियानोसकट. तेव्हापासून ही तोंड उघडत नाही. दोन चमचे गेले तरी खूप. डॉक्टर म्हणतात, आता औषधाचा प्रश्न नाही, त्यांची इच्छाच उरलेली नाही. इच्छा कुठल्या दुकानात मिळते ते काही त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. रेडिओ लावून पाहिला, मोबाइलवर पियानो लावून पाहिला. तिने तोंड भिंतीकडे केलं.

म्हणून ठरवलं, पियानो घ्यायचा आणि आपणच शिकायचं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. एका नाचाच्या क्लासचा हॉल बंद होतोय, तिथे एक उभा पियानो विकायला आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शिलाई मशीन असतं तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं की कुठला स्क्रू ढिला आहे. दाजींनी चाळीस वर्षं लोकांच्या पियानोचे सूर लावले आणि तू शेजारी बसून स्वेटर विणलेस, तेव्हा तुला माहीत असणार. काय बघायचं, काय विचारायचं, सगळं लिही. मी फसलो तर? वजनाने जमीन खचली तर? खालच्यांनी तक्रार केली तर? आम्ही तळमजल्यावर राहतो हे लिहिता लिहिता आठवलं, पण काळजी ती काळजीच.

आणखी एक. हिच्या उजव्या हाताची बोटं दिवसभर पांघरुणावर हलत असतात. दोरे उपसतेय असं दिसतं. गार पडू नये म्हणून मी तो हात पांघरुणाखाली घालतो आणि कड गादीखाली दाबून टाकतो. हे दुसऱ्या झटक्याचं लक्षण तर नसेल?

तुझा धाकटा


१४ फेब्रुवारी

चिंतोबास अनेक आशीर्वाद.

हसून झालं. मग थोडं रडूनही झालं. आता कामाचं लिहिते.

पॉलिश बघायचं नाही, हे पहिलं. पॉलिश बघून पियानो घेणारा आणि भांग बघून जावई करणारा सारखेच, असं हे म्हणायचे. वरचं झाकण उघडून आत टॉर्च मार. तारा गुंडाळलेल्या लोखंडी खुंट्या दिसतील, दोनशेच्या वर असतात. त्या ज्या फळीत ठोकलेल्या असतात तिला चीर गेलेली नको. वास घे. ओल लागलेल्या लाकडाचा वास तुला मशीनच्या टेबलांमुळे ओळखीचा आहे. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरची लोकर कसरीने खाल्लेली नको. मग एकेक पट्टी दाब, डावीकडून उजवीकडे, एकही सोडू नकोस, विकणारा चहा देऊ लागला तरी. दाबलेली पट्टी आपणहून वर यायला हवी. सूर उतरलेले असणार, त्याला घाबरू नकोस, ते लावता येतात.

घरी आणल्यावर बाहेरच्या भिंतीला टेकवू नकोस, उन्हात ठेवू नकोस आणि दोन-तीन आठवडे वाजवू नकोस. घराची हवा लागू दे त्याला. नव्या सुनेला आल्या दिवशी कुणी कामाला लावतं का? जमीन खचत नाही.

आता बोटांचं. ती सगळी एकदम हलतात की एकामागून एक? आधी कोणतं, मग कोणतं? एक अख्खा दिवस जवळ बसून बघ आणि मला लिही. तोवर तो हात दाबून ठेवू नकोस.

ताई


२ मार्च

ताई,

पियानो आला. मला दोन रात्री झोप नाही, पण आला.

तू लिहिलेलं सगळं केलं. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी पट्ट्या दाबल्या, तीन वर येत नव्हत्या. क्लासच्या बाई माझ्या हातांकडे बघत होत्या. नखांतलं तेल काही आता जायचं नाही.

"नातीसाठी घेताय का?"

"नाही, माझ्यासाठी."

"या वयात? जरा उशीर नाही झाला?"

"बाई, दुकान तुम्ही बंद करताय, मी नाही."

यावर त्या हसल्या आणि बसायचं बाकडं असंच दिलं. आणताना चार हमाल लागले. दारात अडकला तेव्हा पुढचा म्हणाला, "आजोबा, आत कोण आहे का?" हिच्या खोलीला लागून जी मधली भिंत आहे तिला टेकवला आहे. दार उघडं ठेवलं की हिला पलंगावरून दिसतो. आणला तेव्हा ती बराच वेळ बघत होती.

वाजवू नकोस म्हणालीस, वाजवला नाही. पण आत डोकावलो आणि फार वाईट वाटलं. खुंट्या गंजलेल्या, कोरड्या ठणठणीत. पन्नास वर्षांत कुणी तेलाचा थेंब दाखवला नसेल. मशीन कुठलंही असो, कोरडं चालवणं म्हणजे पाप. माझी कुपी काढली. दोन दिवस लागले. दोनशे अठरा खुंट्या, प्रत्येकीच्या बुडाशी दोन-दोन थेंब, आपलं उत्तम पातळ तेल. मानेत कळ आली, पण आता कशा चमकताहेत. दाजी असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

बोटं बघितली. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. मग अंगठा खालून पलीकडे सरकतो आणि पुन्हा ओळीने सगळी, करंगळीपर्यंत. मग तसंच उलटं. दोरे उपसणारा माणूस असं करत नाही. मला वाटलं, शिवण आठवत असेल. तू का विचारलंस?

धाकटा


९ मार्च

चिंतोबा,

तेलाची कुपी कुलपात घाल आणि किल्ली कुणाला तरी दे.

मशीनमध्ये सगळं फिरायला हवं असतं. पियानोची खुंटी फिरता कामा नये. कोरड्या लाकडाच्या पकडीवर ती तार ताणून धरते. लाकूड तेल प्यायलं की पकड सुटते, आणि मग सूर लावला तरी टिकत नाही. तुला रागावत नाही. मी पानभर लिहिलं आणि नेमकं हेच राहिलं. जन्मभर खिशात तेल घेऊन फिरणाऱ्या माणसाला आपण लिहितोय, हे मला सुचायला हवं होतं. ह्यांचा चेला तुमच्याच शहरात असतो, आता पन्नाशीचा झाला असेल. त्याला कळवलंय, तो येईल. तो जे सांगेल ते निमूट ऐक.

आता दुसरं. हे मी चव्वेचाळीस वर्षं पोटात ठेवलं आहे.

ती शिवण आठवत नाहीये. पियानो वाजवतेय.

तुमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचं मूल पोटातच गेलं आणि तू तिला दोन महिने माझ्याकडे विश्रांतीला पाठवलंस, आठवतं? ती दिवसदिवस बोलत नव्हती. ह्यांच्या दुकानात दुरुस्तीला आलेला एक पियानो होता. एका दुपारी ह्यांनी तिला सहज म्हटलं, "जरा ही पट्टी दाबून धरा, मी आत बघतो." तिने धरली. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसली. हे शिकवायला लागले. पुढच्या वर्षी पुन्हा आली तेव्हा तर तिला धीर नव्हता. पिशवी माझ्या हातात देऊन सरळ दुकानात गेली.

तुला सांगू नका म्हणाली. तू हसशील म्हणून नव्हे. म्हणाली, "त्यांना कळलं तर घरात पियानो कसा आणायचा याचीच काळजी करत बसतील. त्यांची झोप जाईल. आधीच कमी झोपतात."

मी वचन दिलं होतं. आता मोडलं.

ताई


१७ मार्च

ताई,

तू पत्र लिहायच्या चार दिवस आधीच मी नको ते करून बसलो होतो.

मला धीर निघाला नाही. पाच तारखेला हिला चाकाच्या खुर्चीत बसवून पियानोसमोर नेली आणि उजवा हात पट्ट्यांवर ठेवला. तिने अंगठा दाबला, मग पुढची दोन बोटं. आणि तवा लागावा तसा हात मागे घेतला. पुन्हा ठेवला तर मूठ आवळली. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आवाजाला घाबरली. मी तिला समजावलं, "अगं, यंत्र आहे ते, चावत नाही." ताई, मी तिला हे सांगितलं.

या घरात तो बेसूर आहे हे कळणारं एकच माणूस होतं.

चेला येऊन गेला. भला माणूस आहे. टॉर्च मारली, एका खुंटीवर बोट फिरवून वास घेतला. मग म्हणाला, "काका, तेल कुणी घातलं?" मी म्हटलं, मी. "सगळ्यांना?" मी म्हटलं, सगळ्यांना. तो म्हणाला, "काम मात्र नेटकं केलंत हो." सगळ्या खुंट्या काढून जाड घालायच्या तर दोन-तीन महिन्यांचं काम. मी हिच्या खोलीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मग त्याने असं ठरवलं की मधल्या वीस पट्ट्याच आधी धरायच्या. प्रत्येक पट्टीला तिथे तीन तारा असतात. त्यातल्या दोन कापडाची पट्टी खोचून गप्प करायच्या आणि एकीचीच खुंटी बदलायची. आवाज बारीक येईल पण खरा येईल. शनिवारपासून येतोय.

दुसऱ्या गोष्टीबद्दल काय लिहू? तिने लपवलं याचा राग नाही. माझ्या काळजीला ती इतकी घाबरत होती, हे आज कळलं. मला वाटायचं, मी काळजी करतो म्हणून या घराचं बरं चाललंय.

धाकटा


२५ मार्च

चिंतोबा,

तू काळजी केलीस म्हणूनच ती पंधरा महिने अंगाला एक जखम न होता अंथरुणात आहे. तेवढं कबूल कर आणि पुढे चल. स्वतःला झोडपत बसायला तुला फार आवडतं, लहानपणी पतंग फाटला तरी तू दोन दिवस जेवायचा नाहीस, आणि पतंग माझा असायचा.

चेल्याचं काम झालं की लगेच कळव. तिला आधी ऐकू दे, लगेच हात ठेवायला लावू नकोस.

ताई


८ एप्रिल

ताई,

तिने वाजवलं.

चेल्याने वीस पट्ट्या पुऱ्या केल्या. खडूने दोन्ही टोकांना खुणा केल्या, याच्या बाहेर जायचं नाही म्हणून. तू म्हणालीस तसं आधी त्यालाच वाजवायला लावलं. ही खोलीतून ऐकत होती. तो थांबला तर हिने उजवा हात पांघरुणावर आपटला. मी खुर्ची आणली.

आधी ते सरळ चढउतार. मग थांबली, आणि एक धून सुरू केली. हळू आहे. मला नाव माहीत नाही, चेल्यालाही माहीत नाही, तो म्हणतो गुरुजींनीच शिकवण्यासाठी बांधलेली असेल. चार ओळी आहेत. तोंडाचा डावा कोपरा तिचा लोंबतो, पण वाजवताना ती वेगळीच बाई दिसते. ओळखीची नाही. मी बाकड्याच्या कडेला बसून तिच्याकडे चोरून बघत होतो, लग्न ठरलेल्या मुलासारखा.

त्या दिवशी वाटीभर खाल्लं. दुसऱ्या दिवशीही.

आता काळजी ऐक. चार ओळी झाल्या की ती थांबते. रोज तिथेच. बोट वर उचललेलं राहतं, खाली येत नाही. मग माझ्याकडे बघते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मेंदूचा तेवढा भाग गेला असेल. पुढचं काय आहे ते तुला आठवतं का? कुणी जरा आठवण करून दिली तर तिला येईल. ती माझ्याकडेच बघते आणि मला काही माहीत नाही.

धाकटा


१५ एप्रिल

चिंतोबा,

ती काहीही विसरलेली नाही. डॉक्टरांना सांग.

पुढचं तिला शिकवलंच नव्हतं. धून आठ ओळींची आहे. दुसऱ्या वर्षी चार ओळी झाल्या आणि तिची जायची वेळ आली. उरलेल्या पुढच्या वर्षी, असं ठरलं. तिसऱ्या वर्षी हे पट्ट्या पुसून बसले होते. तुझं पत्र आलं, आईला बरं नाही, दुकान एकट्याला झेपत नाही, यंदा तिला पाठवत नाही. मग पुढच्या वर्षी आईचं अंथरूण होतं. त्यानंतर कुणी विषयच काढला नाही.

तुझा दोष म्हणून लिहीत नाही. आई माझीही होती, आणि तिची सेवा मी नाही केली, तुझ्या बायकोने केली. तू विचारलंस म्हणून खरं लिहिलं. खोटं लिहायला मन होईना.

ह्यांची वही सापडली. तिला सूर लिहिलेले वाचता येत नव्हते, म्हणून ह्यांनी पट्ट्यांना आकडे दिले होते आणि कोणतं बोट तेही आकड्यानेच. ते पान फाडून सोबत पाठवतेय. वरच्या चार ओळींवर तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. खालच्या चार कोऱ्या आहेत.

आकडे तुलाही वाचता येतात.

ताई


३० एप्रिल

ताई,

पान मिळालं. पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. एका जागी तिने लिहिलंय, "इथे घाई नको." अक्षर तेव्हाही असंच वाकडं होतं.

खालच्या चार ओळी शिकतोय. ही झोपली की दार लोटून बसतो. चेला म्हणतो, काका, बोट ठेवा, स्क्रू पिळू नका. दोन ओळी आल्यात. तिसरीत करंगळी लागते आणि माझी करंगळी तर ऐंशी साली मशीनच्या पट्ट्यात सापडून आखडली आहे, म्हणून तिथे दुसरंच बोट टाकतो. तिने वाजवून थांबायचं, मग मी धरायचं, असं मनात आहे. तिला सांगितलेलं नाही. जमलं नाही तर?

तिला चार दिवस ताप होता. आता उतरलाय, पण खुर्चीत बसवलं की मान टाकते. खाणं पुन्हा कमी झालंय. तू काळजी करू नकोस, ते काम माझ्याकडे आहे.

धाकटा


१९ मे

चिंतोबा,

शेजाऱ्यांचा निरोप पोचला. माझे गुडघे मला तुझ्या दारापर्यंतही आणू शकले नाहीत, याची मला फार लाज वाटते.

इकडे ये. दोन खोल्या रिकाम्या आहेत. मला ऐकू येत नाही आणि तुला बोलल्यावाचून राहवत नाही, आपलं छान जमेल. पियानो चेल्याला देऊन टाक, तो त्याचं सोनं करेल. त्या घरात एकटा तू दिवसभर काय करशील?

ताई


२७ मे

ताई,

नमस्कार. लाज वाटून घेऊ नकोस. अकरा तारखेला सकाळी गेली. मी तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन आलो, तोवर संपलं होतं. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. या वेळी मी त्यांचं ऐकलं.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. शेवटचे नऊ-दहा दिवस तिला बसता येत नव्हतं. मी दार सताड उघडून बाकड्यावर बसायचो, तिचा हात दिसेल असा. ती पांघरुणावर तिच्या चार ओळी वाजवायची. आवाज कसला येणार? बोटांवरूनच मोजायचो. चौथी संपली की बोट उचललेलं राहायचं, आणि मग मी इकडे पाचवी सुरू करायचो. पहिल्या दिवशी तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, पियानोकडे. सातव्या ओळीत मी चुकलो तर तिच्या कपाळाला आठी पडली. शेहेचाळीस वर्षांत ती माझ्यावर कधी चिडली नव्हती, निदान मला कळेल अशी तरी. फार बरं वाटलं. आठवी ओळ पुरी मला एकदाच जमली, आठ तारखेला. तेव्हा तिने हात खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं नाही.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस. येईन, पण आत्ता नाही. चेला रोज चक्कर मारतो. म्हणतो, "काका, वरच्या चार ओळीही शिकून घ्या, आठ दिवसांचं काम आहे. मग अख्खी धून तुमची." तो चांगल्या मनाने म्हणतो. मी नको म्हटलं. तू पण आग्रह करू नकोस.

दुपारी बसतो. तिच्या चार ओळींना किती वेळ लागतो ते आता मला नेमकं माहीत आहे. तेवढा वेळ हात मांडीवर ठेवतो, घाई करत नाही. मग माझं सुरू करतो.

तुझा धाकटा